निजवलेली बरणी

१८ डिसेंबर १९५५

बरणी अजून बोलते आहे!

सकाळी भाताच्या राशीपाशी वाकून कान लावला. आत तव्यावर तीळ टाकावेत तसा आवाज — बारीक, न थांबणारा. हिला जाऊन पंधरवडा उलटला. घर पाहुण्यांनी भरलं आणि रिकामंही झालं. हिने शेवटचं जे काम हातात घेतलं होतं, ते मात्र चालूच आहे!

विसरायच्या आत लिहून ठेवतो. काळे मनुके उकळायचे. पाणी निम्मं झालं, निवलं, की त्यात गूळ, धायटीची फुलं, दालचिनी, पिंपळी. बरणीचं तोंड कापडाने बांधून वर माती लिंपायची आणि भाताच्या राशीत गळ्यापर्यंत पुरायची. महिनाभर. वैद्य त्याला द्राक्षासव म्हणतात. ही म्हणायची, 'बरणी निजवली.' आतून आवाज येतो तोवर ती 'बोलते'. गप्प झाली की 'उठवायची'. उशीर केला तर आंबून जाते, मग ती कुणाच्या कामाची नाही.

बावीस वर्षं दर हिवाळ्यात हे पाहिलं. कान आज पहिल्यांदा लावला.

माती हाताला अजून ओलसर लागली. थंडीचे दिवस आहेत.

१९ डिसेंबर

पुण्याहून संपादकांचं कार्ड. 'आपल्या दुःखात सहभागी आहोत. संक्रांत अंकाचा मजकूर ३ जानेवारीपर्यंत पोचावा. नऊशे शब्द. मथळ्यात दारू हा शब्द नको.' सगळं एका कार्डावर. राग आला नाही. मी त्या खुर्चीत होतो तेव्हा असंच लिहिलं असतं.

विषय मीच सुचवला होता, दिवाळीत. वाळवलेल्या द्राक्षांपासून जगात कुठे कुठे गोड मद्यं करतात, त्यावर. हिच्या बरणीवरूनच सुचलं. ही म्हणाली होती, 'म्हणजे माझी बरणी पेपरात येणार! मग जरा नीट निजवते या साली.'

२१ डिसेंबर

काही लिहिलं नाही.

२२ डिसेंबर

दहाव्याची गोष्ट कागदावर उतरवली की डोक्यातून जाईल, म्हणून लिहितो.

कुकडीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते — झाडावर पंचवीसेक बसले होते, पण एकही खाली उतरेना. हिचा भाऊ गेणभाऊ हात जोडून म्हणाला, 'आक्का, दाजींना आमी एकटं टाकनार न्हाई.' काही नाही. कुणी म्हणालं, तिचे सोमवार पुरे करू. काही नाही. ऊन चढलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी या गोष्टी मानत नाही. वर्तमानपत्रात जन्म काढलेल्या माणसाने मानूही नयेत. पण तोंडातून निघून गेलं — 'बरणी वाया जाऊ देणार नाही. वेळेवर उठवीन.'

कावळा उतरला.

भुकेने उतरला असेल. पण शब्द दिला गेला आहे, आणि साऱ्या आळीला तो माहीत आहे.

आणखी एक. बरणीच्या तोंडावर ही आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची. या साली हिरवं फाडलं. मी इथेच बसून बातमी लिहीत होतो. फाडल्याचा आवाज ऐकला, पण मान वर केली नाही. बाकीची लुगडी बायकांनी वाटून नेली — रीतच आहे, मीच म्हणालो न्या. ती पट्टी तेवढी उरली आहे, मातीखाली. बरणी उठवीन तेव्हा ठेवून घेईन.

२४ डिसेंबर

आज महिना भरला. बरणी गप्प व्हायला हवी होती. उलट जोरात बोलते आहे!

शेजारच्या अजीजभाईंना विचारलं. सुक्या मेव्याचं दुकान त्यांचं. हिचे मनुके दर साली तिथूनच यायचे. ते म्हणाले, 'भाऊसाहेब, मी मनुके विकतो. ते पुढे काय बोलतात ते मला विचारू नका. मला परवडायचं नाही!' मग स्वतःचंच गाऱ्हाणं काढलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांची म्हैस दोन दिवस नुसती लोळत होती, धार देईना. 'आणि घरात सरबताचं खूळ निघालंय. थंडीत! शेरभर काळे मनुके दुकानातून गायब. बेगमला विचारलं तर म्हणते, तुम्ही मोजत बसा.'

मागे नजमुन्निसाभाभी उभ्या होत्या. तशाच आत गेल्या. ही गेल्यापासून त्या माझ्यासमोर फारशा थांबत नाहीत. दोघींची रोजची बैठक होती, परसातल्या भिंतीवर कोपरं टेकून. मला पाहिलं की तिची जागा रिकामी दिसत असेल.

२६ डिसेंबर

लेखाला हात घातला. सायप्रस बेटावर द्राक्षं तोडून उन्हात पसरतात, सुरकुतली की पिळतात. स्पेनच्या दक्षिणेला गवताच्या चटयांवर वाळवतात. त्यांचं मद्य काकवीसारखं काळं होतं म्हणे. फ्रान्समध्ये एका डोंगरी मुलुखात पेंढ्यावर ठेवतात, थेट आपल्या आढीतल्या आंब्यांसारखी.

आपल्याकडचंही घातलं. कोकणातले बेने इस्राएल शनिवारच्या प्रार्थनेसाठी काळे मनुके भिजवून त्याचा रस घेतात. आणि भाभींचं नबीज. मनुके रात्री भिजवायचे, सकाळी ते पाणी प्यायचं. दोन दिवस, फार तर तीन. पुढे ते आवाज करायला लागलं की ओतून द्यायचं. ही बरणीसाठी मनुके काढायची तेव्हा आधी ओंजळभर भाभींसाठी वेगळे भिजवायची. भाभी म्हणायच्या, 'सखू, तुझं बोलायला लागलं की माझं काम संपलं.' उरलेल्या महिन्यात त्या बरणीकडे बोटसुद्धा करत नसत.

दोनशे शब्द झाले.

२८ डिसेंबर

आज गंमत झाली. हसलो — इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

सोमाजी जमादार दारात. 'राव, कुनीतरी चौकीत सांगितलं, तुमच्या घरात बरनी बोलती.' म्हटलं, औषध आहे, या, ऐका. राशीपाशी उकिडवे बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कान लावला. बराच वेळ तसेच.

'कुनी निजवली?'

'हिने.'

टोपी घातली. उठले. 'मग बोलू द्या. दारूबंदीच्या कायद्यात बोलनाऱ्या बरनीचं कलम नाय.' दारापर्यंत गेले, परत वळले. 'आमच्या मंडळीच्या बाळंतपनाला वहिनींनीच दिलं व्हतं. तवा मला सांगितलं न्हाई कुनी, काय हाय ते!'

३० डिसेंबर

इटलीवर आलो. तिथे घड माळ्यावर तुळयांना टांगून ठेवतात, हिवाळाभर. मग रस काढून लहान पिंपांत भरायचा, पिंपं बंद करायची आणि वर्षानुवर्षं उघडायची नाहीत. त्याला पवित्र मद्य म्हणतात. पण गंमत पुढेच आहे. पिंप रिकामं केलं तरी तळचा गाळ कुणी धूत नाही. नवा रस त्याच गाळावर घालतात. त्या गाळाला त्यांच्या भाषेत 'आई' म्हणतात!

वाचून हसू आलं. ही बरणी कधी धुवायची नाही. मी दर साली म्हणायचो, अगं, कढत पाण्याने घासून तरी घे, किती वर्षांची घाण ती! हसायची. कारण कधी सांगितलं नाही. आज हे वाचून दाखवलं असतं तर म्हणाली असती, 'बघा!'

हाक मारायला तोंड उघडलं होतं.

२ जानेवारी १९५६

एक हजार चाळीस शब्द. नऊशेच हवेत. संपादक कापतील ते वेडंवाकडं. त्यापेक्षा आपणच कापावं, ही जुनी सवय. सायप्रसला हात लावता येत नाही, सुरुवात तिथून आहे. पेंढ्याची उपमा चांगली बसली आहे. गाळाचा परिच्छेद काढला. वाचकाला गाळाचं काय!

बसला नऊशेत.

३ जानेवारी

लेख सकाळच्या मोटारीने पाठवला. मथळा 'उन्हातली गोडी'. वेळेवर गेला. हिच्या आजारात दोन बातम्या चुकल्या, तेवढंच.

घरी येऊन कान लावला. बोलते.

६ जानेवारी

गेणभाऊ तळेघरहून आला. घोडेगावपर्यंत पायी, पुढे मोटार. खांद्यावर नाचणीची गोणी. बसायच्या आत विचारलं, 'दाजी, आक्काची बरनी उठली का न्हाई?'

म्हटलं, नाही अजून.

त्याच्या सुनेला बाळंत होऊन दीड महिना झाला. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते. दर बाळंतिणीला इथूनच बाटली जायची. 'आक्का म्हनली व्हती, पैली बाटली तुजी. पोरगी लई वाट बघतीया. दवाखान्याचं घेती, पर म्हनती, आत्याबाईचं पायजे.'

कान लावला त्यानेही. तोंड गंभीर झालं. 'बोलती की! दाजी, इतकं दिस कशी बोलंल? आमच्या आईची पंचवीस दिसांत गप व्हायची.'

म्हटलं, थंडी.

'थंडी तळेघरला हाय का जुन्नरला?'

तो जेवून रिकाम्या हाताने परत गेला.

नंतर मनात एक खुळा विचार येऊन गेला. लिहायची लाज वाटते, पण ही वही कोण वाचणार! वाटलं, बरणी गप्प होत नाही, कारण हिला अजून गप्प व्हायचं नाही.

९ जानेवारी

बोलते. पण हळू.

१४ जानेवारी

संक्रांत. अंक आला. लेख पान सातवर, बऱ्यापैकी छापला आहे. एक काना चुकला.

आळीत बायका वाण घेऊन फिरत होत्या. माझ्या दारावरून पुढे गेल्या. बरोबरच आहे, या घरात आता कुणाला कुंकू लावणार! साळुबाई तेवढी मागच्या दाराने तिळगूळ ठेवून गेली. भात कांडायला, पाणी भरायला ती दहा वर्षं या घरात आहे. एरवी तिची टकळी थांबत नाही. आज माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'दादा, घ्या,' एवढंच म्हणाली.

कान लावला. ऐकू येतं की मी ऐकू आलं म्हणतो, कळेना.

१९ जानेवारी

गप्प.

तीनदा पाहिलं. रस्त्यावरची बैलगाडी जाऊ दिली आणि पुन्हा कान लावला. काही नाही. ही मातीला बारीक भोक पाडून पेटती काडी धरायची. विझली तर अजून वेळ आहे, जळत राहिली तर झालं. काडी जळत राहिली. बोटाला चटका बसला तेव्हा टाकली.

उद्या उठवतो. स्नान करून.

२० जानेवारी

माती फोडली. कापड हिरवं नाही.

पांढरं मलमल. कडेला फिकी जांभळी वेल. हे कापड मी रोज परसातल्या भिंतीपलीकडे वाळत घातलेलं पाहतो. भाभींची ओढणी.

भात बाजूला केलं. बरणीही आमची नाही. आमच्या बरणीची कानापाशी कपची उडालेली होती.

२१ जानेवारी

साळुबाईला विचारलं. ओरडलो नाही. नुसतं कापड पुढे धरलं. ती पदर तोंडात कोंबून खालीच बसली.

तेराव्याच्या सकाळी पाहुण्यांसाठी भात ओढायला तिने फावडं घेतलं. 'दादा, बरनी हाय ते ध्यानातच न्हाई ऱ्हायलं! ठन्न वाजलं आन् माजा जीवच गेला. तुमी वसरीवर बसलेला. घाटावर तुमी शबुद दिल्याला समद्या आळीनं ऐकलेलं. मला वाटलं, वैनी आता कुटं जातील?'

वर भात लोटून ती मागच्या दाराने भाभींकडे पळाली. भाभी म्हणाल्या, 'रडू नको. फुलं कोणती ती सांग.' बाकी सगळं त्यांनी भिंतीवरून बावीस वर्षं पाहिलं होतं. संध्याकाळी त्यांच्याच चुलीवर मनुके उकळले. दुसऱ्या दिवशी मी गेणभाऊला मोटारीवर पोचवायला गेलो, तेवढ्यात दोघींनी त्यांची लोणच्याची बरणी आणून पुरली. भिजलेलं भात म्हशीला घातलं. 'म्हस दोन दिस उटली न्हाई, दादा!' रडता रडता ती हसली. मीही हसलो असेन.

'भाभींनी हात लावला? त्यांना चालत नाही ते.'

'मी बी तेच म्हनलं. त्या म्हनल्या, अल्लाला काय सांगायचं ते मी सांगीन. तू धायटी आन.'

'आणि हिरवी पट्टी?'

'खापरांसंगं. नदीत.'

म्हटलं, बरं. चहा घेऊन जा.

ती गेल्यावर राशीपाशी बसलो. महिनाभर ज्याला कान लावला, ते हिचं नव्हतंच. नदीवर शब्द दिला आणि तो तीन दिवसांत मोडला, मला पत्ताही नव्हता. साळुबाईवर राग नाही. भाभींवर कसा असेल! पण कान लावायला आता काही उरलं नाही. हिच्या हातचं म्हणावं असं या घरात काहीच नाही. मनुके मोजायचं मापटंसुद्धा अजीजभाईंच्या दुकानातलं.

२२ जानेवारी

बरणी उघडी आहे. गाळली नाही. ओतलीही नाही. वर ताट झाकून ठेवलं आहे. गेणभाऊची सून वाट बघते आहे, हे दिवसभर डोक्यात. पण 'आत्याबाईचं' म्हणून तिच्या हातात काय देऊ?

२३ जानेवारी

भाभी मागच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. माझ्याकडे न बघता बोलल्या. 'भाईसाब, साळूने सांगितलं तेवढंच सांगितलं. तिला पुढचं ठाऊक नाही. बरणी फुटली तरी बूड शाबूत होतं. त्यात मूठभर गाळ होता. तो मी टाकला नाही, तोच नव्या बरणीत घातला. सखू म्हणायची, मनुके तुझ्या दुकानचे, गूळ बाजारचा; गाळ तेवढा माझ्या आईच्या बरणीतला आहे. लग्नात तळेघरहून पदरात बांधून आणला होता तिने.'

मी कापलेला परिच्छेद.

दुपारी बरणी गाळली. पहिली बाटली तळेघरला गेली.

बरणी धुतली नाही.